चाळिशी उलटलेला मारिओ

मागल्या महिन्यात एका रविवारी मिस्सा आटोपून मी सॅक्रिस्टीतून बाहेर पडत होतो, तोच आमच्या गावच्या एक बाई दाराशी खोळंबलेल्या दिसल्या. त्यांचे गाऱ्हाणे मला ठाऊक होते. त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलाने आईच्याच मोबाइलवर एक खेळ खेळता खेळता, खेळातली हत्यारे आणि पोशाख विकत घेण्याच्या नादात, दोन महिन्यांत सुमारे अठराशे रुपये घालविले होते. मोबाइल काढून घेतला गेला, रडारड झाली आणि प्रकरण मिटले, अशी माझी समजूत होती.

"फादर, आता निराळेच झाले आहे," बाई म्हणाल्या. "त्याच्या मामाने बेळगावच्या बाजारातून टी.व्ही.ला जोडायचा गेम आणून दिला. त्यात तो जुना मारिओ आहे. पोरगा तर खेळतोच, पण त्याचे वडीलही शेजारी बसतात. पाळीवरून दोघांची भांडणे होतात! हाही मोबाइलसारखाच का? हाही काढून टाकू का?"

मी त्यांना पुढील रविवारपर्यंत थांबावयास सांगितले. खरे कारण असे, की या खेळाविषयी निःपक्षपातीपणाने बोलणे मला जड जाते. माझ्या शाळकरी वयातल्या दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या मी त्याच्या पायी घालविल्या आहेत. तथापि बाईंच्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला होता आणि तो मला सोडीना. नवे, झगझगीत, हुबेहूब चित्रांचे खेळ हाताशी असता आजच्या मुलाला हा ओबडधोबड ठिपक्यांचा खेळ का आवडावा? त्याच्या बापाला आवडतो, ते बालपणाच्या आठवणीने, असे म्हणता येईल. मुलाजवळ तर तसली आठवण नाही.

ज्या वाचकांस हा खेळ ठाऊक नाही त्यांच्याकरिता थोडी माहिती देतो. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ जपानात १३ सप्टेंबर १९८५ रोजी विक्रीस आला. तो करणारी निन्टेंडो ही क्योतो शहरातील कंपनी १८८९ साली स्थापन झाली, ती पत्त्यांचे जोड तयार करण्यासाठी. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका या दोघांनी खेळाची रचना केली व कोजी कोन्दो यांनी त्यास संगीत दिले. मियामोतो यांचे शिक्षण औद्योगिक रचनाकलेचे. यंत्रास आज्ञा लिहून देण्याचे काम इतर जाणकारांनी केले. कथा म्हणाल तर चिमूटभर आहे. एक मिशाळ प्लंबर, त्याचे नाव मारिओ, कासवांच्या राजाने पळवून नेलेल्या राजकन्येस सोडविण्यास निघतो. डावीकडून उजवीकडे धावावयाचे, खड्डे ओलांडावयाचे, शत्रूच्या डोक्यावर उडी मारावयाची. एकंदर आठ जगे, प्रत्येकात चार टप्पे, मिळून बत्तीस. मूळ यंत्रावरील त्याच्या ४ कोटींहून अधिक प्रती खपल्या. मात्र कित्येक ठिकाणी तो यंत्राबरोबरच दिला जाई, त्यामुळे या आकड्यावरून फार मोठे अनुमान काढू नये.

आपल्याकडे खेड्यापाड्यांतून ते मूळ जपानी यंत्र क्वचितच कोणी पाहिले असेल. १९९० नंतरच्या काही वर्षांत बाजारात मिळत त्या त्याच्या स्वस्त नकला. काळी-पांढरी पेटी, दोन रिमोट आणि वर खोचावयाची पिवळी कॅसेट. आमच्या कॅसेटवर नव्याण्णव खेळांचे आश्वासन छापलेले होते. प्रत्यक्षात तेच सात-आठ खेळ नावे पालटून पुनःपुन्हा येत. परंतु त्यांत मारिओ होता, म्हणून कोणी तक्रार केली नाही. खेळ सुरू झाला नाही की आम्ही कॅसेट काढून तिच्यात जोराने फुंकर घालीत असू. फुंकरीने काही साधत नसे, उलट ओलाव्याने तिचे दात गंजत. कॅसेट काढून पुन्हा नीट बसविली जाई, त्यामुळे खेळ चालू होई. हे मला फार उशिरा कळले. त्या काळी आमचा फुंकरीवर गाढ विश्वास होता.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. माझ्या मते या खेळाचे दीर्घायुष्य त्याच्या शिकविण्याच्या पद्धतीत आहे. वाचकांनी शक्य झाल्यास त्याचा पहिला टप्पा एकदा समोर लावून पाहावा.

मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूस उभा असतो, तोंड उजवीकडे. त्याच्यापुढे मोकळी जागा असते. 'उजवीकडे जा' असे कोठेही लिहिलेले नाही. पण मूल आपोआप उजवीकडे जाते. थोड्या अंतरावर डोक्याच्या वर प्रश्नचिन्ह असलेली एक लकाकणारी पेटी दिसते, आणि तेवढ्यात समोरून कपाळाला आठ्या घातलेला, अळंबीच्या आकाराचा एक तपकिरी प्राणी चालत येतो. नवशिका त्याला धडकतो आणि मरतो. काही बिघडत नाही. दोन-चार सेकंदांचाच प्रवास वाया गेलेला असतो. दुसऱ्या वेळी तो घाबरून उडी मारतो. मग एक तर प्राण्यास ओलांडून जातो, नाही तर नेमका त्याच्या डोक्यावर पडतो आणि प्राणी चिरडला जातो. अशा रीतीने, एक अक्षरही न वाचता, शत्रूस कसे मारावे हे त्यास कळते. उडी मारताना त्याचे डोके पेटीला लागले तर नाणे बाहेर पडते. पेट्यांस डोके मारणे लाभाचे असते, हा दुसरा धडा.

त्यानंतरची युक्ती मला सर्वांत आवडते. पुढच्या पेटीतून जी वस्तू निघते ती खरीखुरी अळंबी असते. ती खाल्ली की मारिओ दुप्पट उंच होतो. परंतु मुलाने नुकताच अळंबीसारखा दिसणारा शत्रू पाहिला आहे, तेव्हा तो हिलाही भिणार. म्हणून रचनाकारांनी असे योजिले, की ती अळंबी प्रथम उजवीकडे घसरत जावी, खाली पडावी, तेथे उभ्या असलेल्या हिरव्या पाइपावर आदळावी आणि उलटून थेट मारिओच्या अंगावर यावी. वर विटांचे छत आहे. घाबरून उडी मारली तरी डोके विटांना आपटते आणि मारिओ पुष्कळदा अळंबीवरच येऊन पडतो. मूल मृत्यूच्या अपेक्षेने डोळे मिटते आणि उघडून पाहते तो मारिओ मोठा झालेला! ही योजना जाणूनबुजून केली होती, असे मियामोतो यांनी पुढे एका मुलाखतीत उलगडून सांगितले. पहिल्या टप्प्याची मांडणी पुढचे पुष्कळ काम झाल्यावर केली, असेही त्यांचे सांगणे आहे. प्रवचनाची प्रस्तावना शेवटी लिहावी असे सेमिनरीत आमचे एक वृद्ध प्राध्यापक सांगत, त्याची मला आठवण झाली.

याच टप्प्याच्या उत्तरार्धात पायऱ्यांच्या दोन जोड्या येतात. पहिल्या जोडीच्या मध्ये साधी जमीन आहे. उडी चुकली तर मारिओ खाली पडतो, परत चढतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. लगेच पुढे तशाच पायऱ्यांची दुसरी जोडी येते, पण तिच्या मध्ये खड्डा आहे. एकदा निर्धोक सराव आणि मग तीच गोष्ट जिवावरची! विहिरीत पोहावयास शिकविताना आमचे आजोबा प्रथम कंबरेला सुकड बांधीत आणि काही दिवसांनी न सांगता ती सोडीत. त्यांनाही ही रीत कोणी पुस्तकातून शिकविली नव्हती.

उडीविषयी चार शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण हा सगळा खेळ म्हणजे एक उडी आहे. बटण किंचित दाबले तर मारिओ थोडासा उडतो, दाबून धरले तर उंच जातो. धावत येऊन मारली तर उडी आणखी उंच जाते. हवेत असतानाही त्याला थोडेसे मागे-पुढे वळविता येते. खऱ्या माणसास हे साधणार नाही, परंतु खेळताना तसे मुळीच वाटत नाही. थांबावयाचे ठरविले तरी मारिओ लगेच थांबत नाही, पाय घसरत थोडा पुढे जातो. त्यामुळे त्याच्या अंगाला वजन आहे असा भास होतो, आणि मग पाहणारी माणसेही त्याच्याबरोबर खांदे वळवू लागतात. आमच्या आजीने आयुष्यात कधी रिमोट हाती धरला नाही; पण मारिओ खड्ड्यापाशी आला की ती पाटावर बसल्या जागी अर्धा वीत वर उठे.

आणि हे सर्व किती थोड्या सामग्रीत! संपूर्ण खेळ ४० किलोबाइटमध्ये बसविला आहे. आज मोबाइलवर काढलेले एखादे साधे छायाचित्र तीन-चार मेगाबाइटचे असते. तेवढ्या जागेत असे पाऊणशे ते शंभर खेळ मावतील. जागेच्या या टंचाईमुळे आकाशातील ढग आणि जमिनीवरील झुडूप यांचे चित्र एकच ठेवले व रंग तेवढा पालटला. आम्ही दोन सुट्ट्या खेळलो, पण हे कोणाच्याही ध्यानात आले नाही! मारिओच्या मिशीची कथाही अशीच. १९८१ सालच्या एका आधीच्या खेळासाठी तो प्रथम रेखाटला गेला, तेव्हा मोजक्या ठिपक्यांत माणसाचे तोंड दाखविणे अशक्य होते; म्हणून मोठे नाक व त्याखाली मिशी. केस नीट दाखविता येईनात म्हणून टोपी. हात हलताना दिसावेत म्हणून अंगरखा एका रंगाचा आणि वरचा कामकऱ्याचा पोशाख दुसऱ्या रंगाचा. त्या खेळात तो सुतार होता; पुढे प्लंबर झाला. जगभर ओळखला जाणारा हा चेहरा अडचणींतून जन्मास आला आहे.

संगीताची गोष्टही निराळी नाही. यंत्रास एका वेळी दोन-तीन स्वर आणि तालासाठी एक खरखर, एवढेच काढता येत होते. त्यातून कोन्दो यांनी मारिओच्या धावण्या-उडण्याशी जुळेल अशी चाल बांधली. २०२३ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ती जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदीत घेतली. व्हिडिओ गेमच्या संगीतास हा मान प्रथमच मिळाला.

खेळात दोष नाहीत असे मात्र नाही. काही किल्ल्यांत चक्रव्यूह आहेत; तेथे वरच्या वाटेने जावे की खालच्या, हे कळावयास काहीच खूण नाही. वाट चुकली तर तोच रस्ता पुनःपुन्हा समोर येतो आणि घड्याळ चालू राहते. जो खेळ पहिल्या टप्प्यात इतक्या प्रेमाने बोट धरून नेतो, त्याने सातव्या जगात मुलाला असे अंधारात सोडावे हे मला आजही पटत नाही. सर्व जीव संपले म्हणजे अगदी आरंभापासून सुरुवात करावी लागते, हीही शिक्षा जरा कठोरच. एक बटण दाबून धरून सुरुवात केली तर त्याच जगापासून पुढे जाता येते, अशी छुपी सोय होती. परंतु पुस्तिका नसलेल्या आमच्या नकली पेटीने हे आम्हांस कोठून सांगावे?

तरीही बहुतेक वेळा मरणारा खेळाडू जाणतो, की चूक आपली आहे. उडी आधी मारली, किंवा उशिरा मारली. खेळाने फसविले असे त्यास वाटत नाही. ही समजूत किती नाजूक असते ते पुढच्याच वर्षी दिसून आले. १९८६ साली जपानात याच खेळाचा दुसरा भाग निघाला. त्यात विषारी अळंब्या होत्या, उडी बिघडविणारा वारा होता, पुष्कळ मजल मारल्यावर मागल्या जगात परत धाडणाऱ्या वाटा होत्या. निन्टेंडोच्या अमेरिकेतील शाखेला तो फारच कठीण वाटला व तिने तो त्या वेळी तेथे विकलाच नाही. १९८८ साली तिकडे त्याच नावाने अगदी निराळाच खेळ आला. चित्रे तीच, उडी तीच, माणसेही बहुतेक तीच. परंतु त्या दुसऱ्या भागाला पहिल्याचे प्रेम कधी लाभले नाही.

या पहिल्या खेळाशी काहींचे नाते इतके दाट झाले आहे, की ते तो वर्षानुवर्षे केवळ वेगाने संपविण्यासाठी खेळतात. मधली जगे ओलांडून नेणाऱ्या गुप्त वाटा धरून २०२१ साली एकाने संपूर्ण खेळ ४ मिनिटे ५५ सेकंदांच्या आत संपविला. त्यात एक मौज आहे. टप्पा संपला की पुढचा टप्पा उघडावा की नाही हे यंत्र दर २१ चित्रांनी एकदाच, म्हणजे सुमारे एक-तृतीयांश सेकंदाने, तपासते. शाळेत गणित आधी सोडविणाऱ्या मुलासही घंटा होईपर्यंत वर्गातच बसावे लागते, तसे हे आहे. त्यामुळे किंचितशी घाई केली तरी कित्येकदा हाती काहीच लागत नाही.

उलटपक्षी, त्याच २०२१ साली या खेळाची एक सीलबंद, कधीही न उघडलेली प्रत २० लाख डॉलरला विकली गेली. ती उघडली तर तिची किंमत जाईल. म्हणजे ती कोणी कधी खेळणार नाही. विकणाऱ्याचे भले झाले असेल. माझ्या मनात मात्र त्या कॅसेटविषयी कणवच आली.

आता बाईंच्या घराकडे वळू. मारिओ दोघांना खेळावयाचा असला तर पाळीने खेळावा लागतो. पहिला मरेपर्यंत दुसऱ्याने बसून राहावयाचे. मग दुसरा मारिओचा भाऊ लुईजी होऊन खेळणार. आमच्या घरी पहिला रिमोट थोरल्या भावाकडे असे. तो चांगला खेळे, त्यामुळे माझी पाळी पाऊण-पाऊण तास येत नसे, आणि आली की बहुधा वीज जाई. त्या वाट पाहण्यात मी त्याचा खेळ पाठ केला. कोठल्या विटेत नाणी आहेत, कोठल्या पाइपातून खाली उतरता येते, हे सर्व मला त्याच्या पाठीमागे बसून कळले. पुढे भाऊ नोकरीसाठी वडोदऱ्याला गेला आणि मी सेमिनरीत. आज फोनवर आमचे बोलणे आईचे औषध आणि घराची कौले यांच्या पलीकडे फारसे जात नाही. पण हा लेख लिहावयास घेण्यापूर्वी मी त्यास विचारले, की दुसऱ्या टप्प्यात विटांच्या छतावरून धावत जाऊन गुप्त वाट सापडते, ती तुला कोणी सांगितली होती? तो वीस मिनिटे बोलत राहिला.

पुढल्या रविवारी बाई आल्या तेव्हा मी त्यांस विचारले, "त्या मोबाइलवरच्या खेळाला शेवट होता का?"

त्या म्हणाल्या, "नाही. रोज नवे काही तरी निघे आणि रोज पैसे मागे."

"याला शेवट आहे," मी म्हणालो. "आठव्या जगाच्या चौथ्या किल्ल्यात राजकन्या भेटते आणि खेळ संपतो. नंतर थोडा अवघड करून पुन्हा खेळता येतो, इतकेच. तो पैसे मागत नाही. एकदा विकत घेतला, व्यवहार संपला. राहता राहिला वेळ. तो मात्र तुम्ही ठरवून द्या. अभ्यास आणि जेवण झाल्यावर एक तास ठेवा, आणि पेटी बंद करणे वडिलांकडे सोपवू नका. त्यांचा काही भरवसा नाही."

बाई हसल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "फादर, आमचे हे शेताचे आणि कर्जाचे सोडून मुलाशी बोलत नसत. परवा रात्री स्वयंपाकघरात होते, तर बाहेरून आवाज आला. मुलगा बापाला सांगत होता, बाबा, घाई करू नका, ते कासव आधी जाऊ द्या."

"मग?"

"कासव जाऊ दिले त्यांनी. तरी खड्ड्यात पडलेच."